कोरडा टी-शर्ट

शर्यतीला दहा दिवस उरले असताना फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझी उजवी नडगी अंगठ्याने दाबली आणि मी टेबलावरून अर्धी उठले.

"पळणं बंद. सायकलही बंद," त्या म्हणाल्या. "अगदीच राहवलं नाही तर हळू पोहा. बाकी पाय वर करून पडून राहायचं. हाड सुजलंय. असंच पळत राहिलात तर तडा जाईल, मग तीन महिने विसरा."

"आणि शर्यत?"

"पडून राहिलात तर पळाल."

मला हसूच आलं. पुंडलिकनगरात राहणाऱ्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या चव्वेचाळीस वर्षांच्या सुनेला त्या दहा दिवस पडून राहायला सांगत होत्या. त्यापेक्षा परत एक ट्रायथलॉन करा म्हणाल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, तिन्ही एका दमात. त्यातली सगळ्यात छोटी मी दोन महिन्यांपूर्वी पूर्ण केली होती. त्यानंतर अंगाला आराम द्यायचा सोडून लगेच एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. हावरटपणा माझाच. पण लग्नाला वीस वर्षं झाली, आणि कॅलेंडरवर मी फक्त स्वतःसाठी गोल केलेली ही एकच तारीख होती. ती मला हवी होती.

घरात माझ्या व्यायामाला तसा विरोध नव्हता. पहाटे पाचला उठून जालना रोडने शेंद्र्यापर्यंत सायकल मारून येणारी बाई आमच्याकडे चालते, कारण ती दमून येते. दमण्याला आमच्या घरात मान आहे. नवऱ्याने नाव घालतानाच एवढं बजावलं होतं की दुखलं-खुपलं तर हे सगळं तिथंच थांबवायचं. त्यामुळे नडगीबद्दल बोलायची सोय नव्हती.

पहिल्या दिवशी मी घरीच पडून पाहिलं. सकाळी सव्वापाचला उशीवर पाय ठेवून डोळे मिटले, तर सासूबाई दारात. "आज गेली नाय व्हय? बरं झालं. नळाला पाणी येणार हाय." टाकी, पिंप, हंडे, सगळं भरून झालं तेव्हा सात वाजले होते. दुसऱ्या दिवशी पाचोडहून दवाखान्यासाठी आलेल्या चुलत सासऱ्यांना रिक्षातून घाटी हॉस्पिटलात न्यायचं होतं. का, तर म्हणे मी "घरीच आहे". त्या दोन दिवसांत माझी नडगी पळून दुखली नसती इतकी दुखली. मला इतका राग आला की मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. नळ तरी कशाला सोडायचा, पाणी जपून वापरायचं असतं, म्हणून तोही बंद केला.

तिसऱ्या दिवशी मी पावणेपाचचा गजर लावला. बूट घातले, टी-शर्ट घातला, मनगटावर घड्याळ बांधलं आणि स्कूटीवरून थेट बागेत गेले. मागच्या भिंतीलगत सिमेंटचा एक बाक आहे. त्यावर आडवी झाले आणि पाय भिंतीला टेकवून वर केले. बाक बर्फासारखा गार होता, तरी मला पाच मिनिटांत डुलकी लागली.

डोळे उघडले तर एक कानटोपीवाले काका वाकून बघत होते. "ताई, चक्कर आली का? कुणाला फोन लावू?"

"योगा आहे, काका."

"असं का," म्हणून ते गेले, पण पुढच्या फेरीला पुन्हा बघून गेले. बाई आडवी दिसली म्हणजे ती आजारी तरी असली पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून मी डोळे उघडे ठेवून पडू लागले.

नडगीची सूज उतरायला लागली होती. मी हिशेबाने चालले होते, फक्त टी-शर्ट विसरले.

आमच्याकडे वॉशिंग मशीन आहे, पण त्यात कपडे टाकायचं काम सासूबाईंनी कुणाला दिलेलं नाही. प्रत्येक कपडा हातात घेऊन, झटकून, खिसे चाचपून त्या आत टाकतात. दोन दिवस झाले आणि माझा टी-शर्ट न धुताच घडी घालून पलंगावर परत आला. मला वाटलं वयामुळे विसरल्या असतील. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा लक्षात आलं, त्याला घामच लागलेला नव्हता. चौथ्या दिवशी बागेतून निघताना मी बाटलीतलं पाणी गळ्यावर आणि पाठीवर ओतलं आणि थंडीत कुडकुडत घरी आले. गणिताची बाई, आणि अक्कल ही.

त्या दिवशी शाळेतून येऊन मी पोळ्यांची कणीक मळत होते. सासूबाई टी-शर्ट हातात घेऊन आल्या.

"कुठं जातीस गं तू सकाळी?"

"पळायला."

"घामाला वास असतो बाई. हे पाणी हाय."

माझे हात कणकेत तसेच राहिले. घामाशिवाय परत येणारे कपडे घालून सून रोज अंधारात कुठं जाते, याचा त्यांनी चार दिवस काय विचार केला असेल ते मला एकदम कळलं. मी सगळं सांगून टाकलं. हाड, डॉक्टर, बाग, बाक.

"निजायला जातीस?"

"हो."

"एवढ्या थंडीत? घरात पलंग हाय की."

"घरात कोण निजू देतं?" माझा आवाज चढला. वीस वर्षांत त्यांच्यासमोर पहिल्यांदाच.

 टी-शर्टची बाही उलटी झाली होती ती त्या सरळ करत राहिल्या.

"खरं हाय," मग म्हणाल्या. "दिवसाउजेडी निजलेली बाई मलाच बघवत नाय. तू आडवी दिसली की मला काम आठवतं. काय करावं." टी-शर्टची घडी घालत म्हणाल्या, "आम्ही सरपणाला जायचो. जाताना लिंबाखाली घटकाभर पडायचो. कुणी इचारलं तर लाकूड लई लांब गेलं म्हणायचो."

मला वाटलं, आता म्हणतील, उद्यापासून घरीच पड. मी खरंच वाट पाहिली.

"तुझ्या नवऱ्याला सांगू नको," त्या म्हणाल्या. "तू जात जा. शाल नेत जा संगं." आणि तो बिनघामाचा टी-शर्ट मशीनमध्ये टाकायला घेऊन गेल्या.

तेव्हापासून मी जास्तच अडकले. आधी नुसती चोरून जात होते, आता परवानगीने चोरून जाऊ लागले. त्यांचा रागही यायचा आणि बाकावर त्यांचीच शाल अंगावर असायची. सकाळी परत आल्यावर त्या नवऱ्यासमोर विचारायच्या, "किती झालं आज?" मी म्हणायचे, "आठ किलोमीटर." त्या मान हलवायच्या.

रविवारी मी एकवीस किलोमीटर पळाले. शेवटच्या तीन किलोमीटरांत नडगीच्या दुखण्याने पुन्हा डोकं वर काढलं, पण थांबले नाही. गळ्यात मेडल घालून घरी आले, आंघोळ केली आणि पाचोडच्या पाहुण्यांसाठी पुऱ्या लाटायला उभी राहिले. मांड्या थरथरत होत्या. मेडल फ्रिजवर ठेवलं होतं, त्याला कणकेचा हात लागला.

जेवताना नवरा खुशीत म्हणाला, "झाली एकदाची तुझी शर्यत. आता सकाळी डबा तरी निवांत होईल."

हातातली पुरी मी तेलात सोडली.  उद्या सकाळी, परवा सकाळी, तिथून पुढच्या सगळ्या सकाळी मला त्या ओट्याशीच दिसायला लागल्या.

कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "झाली कुठं? उद्या पळायला जायचं हाय ना तुला?"

एवढी शर्यत पळून आलेलं माणूस दुसऱ्या दिवशी पळत नाही. त्यांना ते माहीत होतं की नाही, कोण जाणे.

"हो," मी म्हणाले. "जायचंय."

संध्याकाळी बघितलं तर दाराशी माझ्या बुटांवर शाल घडी करून ठेवलेली होती. मी पावणेपाचचा गजर लावला.