वॉर्निंगा संपवणारे काका

शितावरून भाताची परीक्षा सगळेच करतात. शीतही न चाखता भात कच्चा आहे हे सांगणारा आमच्या ऑफिसातल्या काकांसारखा माणूस कुलाब्यापासून शिवडीपर्यंत दुसरा झाला नसेल. नवी खुर्ची आली की तिच्यावर कुणी बसण्याआधीच ते सांगत, "ही महिन्याभरात करकरणार." आणि ती करकरायची. कॅन्टीनच्या उपम्याकडे लांबून बघून "मीठ नाही" म्हणत आणि आपला डबा उघडत. माझ्या लग्नाची पत्रिका द्यायला गेले तर अभिनंदन राहिलं बाजूला, आधी खिशातून चष्मा निघाला. "गो, नवऱ्याच्या मामाचं नाव दोनदा छापलंय. एक मामा काढ." पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. सासरी अजूनही मला कुणी त्यावरून चिडवलं की मला काकांचीच आठवण येते.

आमचं ऑफिस परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. आम्ही लग्नाचे हॉल बुक करायची वेबसाइट चालवतो. तिचा कोड इतक्या हातांतून गेलाय की मूळ कुणी काय लिहिलं होतं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. काकांचं काम एकच. कोड न चालवता नुसता वाचून त्यातल्या चुका दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं, ते लावायचं, त्यानं काढलेल्या वॉर्निंगा वाचायच्या आणि ज्याची चूक त्याच्या खुर्चीमागे जाऊन गप्प उभं राहायचं. खोकायचंही नाही. मानेला आपोआप कळायचं. नवीन असताना मी एकदा शहाणपणा केला आणि विचारलं, "काका, सरळ चालवून का नाही बघत?" ते म्हणाले, "माझे वडील ह्याच गिरणीत कापड तपासायचे. सदरा शिवून, अंगात घालून बघायचे काय? उजेडाला धरायचे. सुटलेला धागा दिसतो गो."

सॉफ्टवेअर नुसती ओळ दाखवायचं, पण टिपणी काकांची असायची. एकच क्लास, म्हणजे कोडचा एक कप्पा, हॉलची तारीखही बघतोय, पैसेही घेतोय, ईमेलही पाठवतोय असं दिसलं की म्हणत, "हा क्लास आहे की गणपती मंडळाचा अध्यक्ष? वर्गणी हाच, मांडव हाच, आरती हाच. उद्या हा आजारी पडला तर बाप्पाला नैवेद्य कोण दाखवणार?" मग त्याचे तीन क्लास करून घेत. कुणी एका क्लासला दुसऱ्याचा वारसा दिला, दुसऱ्याला तिसऱ्याचा, तर सुस्कारा सोडत. "सात पिढ्या मागे गेलो आणि इस्टेट काय, तर एक रिकामी ट्रंक." आतला डेटा कुणालाही हात लावता येईल असा उघडा ठेवला की, "ही काय आमच्या नायगावच्या चाळीची गॅलरी आहे?" आम्ही हसायचो आणि निमूटपणे दुरुस्त करायचो. चिडायचोही, ते खोटं कशाला सांगू. पण ऐन लग्नसराईत आमची साइट बंद पडत नव्हती, हेही तितकंच खरं.

सगळ्यात जास्त राग त्यांना उघडून बंद न केलेल्या गोष्टींचा. डेटाबेसचं कनेक्शन उघडलं आणि बंद करायला विसरलं की काकांच्या कपाळावरची शीर उठायची. हाच नियम त्यांनी नळाला, ड्रॉवरला आणि मुख्यतः चहाच्या कपाला लावला होता. टेबलावर उष्टा कप दिसला की तो उचलून ज्याचा असेल त्याच्या कीबोर्डवर आणून ठेवत. "उघडलेलं बंद करायचं, प्यालेला कप विसळायचा." आमचे साहेबसुद्धा मीटिंगमधून उठून कप विसळायला जात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

काकांचं रिटायरमेंटचं वय झालं तेव्हा साहेबांनी सांगितलं, "वॉर्निंगा संपेपर्यंत या." काका खूश झाले, कारण वॉर्निंगा ढिगाने होत्या. घरी त्यांचं कोणी नव्हतं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा परदेशात. नायगावची चाळ पाडून टॉवर झाला होता आणि काकांना त्यात वरच्या मजल्यावर छान घर मिळालं होतं. "हवा फार आहे," एवढंच ते त्याबद्दल सांगत. ऑफिसात सगळ्यांच्या आधी येत आणि सगळ्यांच्या नंतर जात.

ढीग ओसरत गेला तसे काका मंदावले. एक वॉर्निंग सकाळी उघडायचे आणि संध्याकाळपर्यंत तिच्याकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, "ही राहू दे उद्याला." काका आणि काम उद्यावर! मग आम्ही तिघाचौघांनी संगनमत केलं आणि मुद्दाम घाण कोड लिहायला लागलो. कनेक्शन उघडी ठेवली, कुठूनच कुणी बोलावत नाही अशी फंक्शनं, म्हणजे कोडचे फुकटे तुकडे, घुसडली, एका क्लासला तर पुन्हा मंडळाचा अध्यक्ष केला. यादी वाढली. आम्हाला वाटलं, चला, आता दिवाळीपर्यंत तरी काका कुठे जात नाहीत.

दुसऱ्याच दिवशी माझ्या मानेला कळलं.

"ही चूक तुझी नाही," काका म्हणाले.

"माझीच आहे काका. घाईत झाली."

"तुझ्या चुका मला पाठ आहेत. तू विसरतेस. ही विसरून झालेली नाही, बसून केलेली आहे." मग खुर्ची ओढून शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "असं नको करू गो. लोकांच्या लग्नाच्या तारखा आहेत ह्याच्यात. माझ्यापायी कुणाचा हॉल दोघांना दिला गेला तर?"

त्यांनी आमची सगळी घाण स्वतः निस्तरली, आणि त्याच झपाट्यात उरलेल्या वॉर्निंगाही संपवल्या. यादी कोरी झाली. निरोपाच्या समारंभात केकवर त्यांचं आडनाव चुकलं होतं. काकांनी ते पाहिलं, पण पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

पुढे एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. मजल्यावरची सगळी दारं बंद. आतमध्ये वर्तमानपत्रांची घडी, पुसलेला ओटा, रांगेत लावलेले डबे. नावं ठेवायला जागा नव्हती. काकांनी चहा केला. ऑफिसात कोण कोण चुकतंय ते खोदून खोदून विचारलं, आणि मी सांगत गेले तसा त्यांचा चेहरा उजळत गेला. "इथे काय," मधेच म्हणाले, "सकाळी जिथे ठेवलं तिथेच संध्याकाळी सापडतं. घोळ घालायला कोणी नाही."

निघताना सवयीने मी कप विसळायला उचलला.

"असू दे गो," काका म्हणाले. "राहू दे तिथेच."

मी कप परत टेबलावर ठेवला. लिफ्टमध्ये मला रडू आलं. आता मी अधूनमधून त्यांच्याकडे जाते, आणि येताना कप तसाच ठेवून येते.