देवळाची मागची बाजू

मुलीच्या व्हिडिओ गेममध्ये काल एक दगडी देऊळ लागलं. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मी घरात बसून कंटाळले होते, म्हणून तिनेच रिमोट माझ्या हातात दिला होता आणि शेजारी बसून शिकवत होती. मी आत जाऊन दिवा घेतला, बाहेर आले. "आता सरळ पुलाकडे चल," ती म्हणाली. माझा अंगठा मात्र देवळाला उजव्या हाताला ठेवून भिंतीच्या कडेने निघाला.

"आई, मागे काही नाहीये!"

"नसू दे. दर्शन झालं, प्रदक्षिणा नको?"

लहानपणी मला दर्शनापेक्षा प्रदक्षिणाच आवडायची. समोरचा देव सगळ्यांचा असे, मागे जे सापडेल ते माझं. एकदा ओलसर भिंतीपाशी सापाची कात सापडली. मग तो साप आता कुठे असेल, या विचारात जेवताना घास हातातच राहायचा. मोठी झाले आणि समोरूनच हात जोडून परतू लागले. नवल तिथेच मागे बसून असणार. जायची बंद झाले ती मी.

गेममधल्या देवळामागे एक डबकं होतं आणि दगडावर निळा बेडूक. मी जवळ जाताच त्याने टुणकन उडी मारली, आणि साठीच्या या बाईने दचकून दुखरा पायसुद्धा वर घेतला.

मुलीने हा गेम दोनदा पूर्ण केलाय. "हा मला कधी दिसलाच नव्हता," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "बरं, आता पुलाकडे?"

"थांब गं. आत्ता कुठे एकच प्रदक्षिणा झालीय."