किकवीच्या भावकीची नजर

आमची मुलगी पुण्यात ऑप्टोमेट्री शिकते. म्हणजे चष्म्याचा नंबर काढायचं शास्त्र, असं मी किकवीत सगळ्यांना सांगतो आणि ती दर वेळी कपाळाला हात लावते. यंदा कॉलेजनं विद्यार्थ्यांना स्वतःचं छोटं संशोधन करायची संधी दिली. चाळिशी उलटलेल्या शेतकऱ्यांना जवळचं कितपत दिसतं, हा हिचा विषय. आधी गावात चाचणी करून दाखवायची. ती पटली तरच मॅडम विषय मंजूर करणार, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या तरी संशोधनात मदतनीस. त्या काळजीनं पोरीचं जेवणात लक्ष नव्हतं.

रविवारी मी देवळाच्या मंडपात भावकी जमवली. माणसं जमवणं मला जमतं. पुढचं काम तिचं.

तिच्या हातात एक कार्ड होतं. त्यावर इंग्रजी ‘ई’ छापलेले, कुठं आडवे, कुठं उलटे, ओळीगणिक बारीक होत गेलेले. दांड्यांची टोकं कुठल्या बाजूला, एवढंच सांगायचं. सगळ्यांनी शेवटची ओळसुद्धा घडाघडा सांगितली. मुलगी गोंधळली. मी मात्र छाती फुगवून उभा, आमच्या रक्तातच काहीतरी असणार म्हणून.

मग थोरले चुलते बसले. त्यांनी कार्ड उलटं धरलं आणि न अडखळता सुलट्या कार्डाची उत्तरं दिली.

“आजोबा, कार्ड उलटं आहे.”

“असंना का! बरुबर आलं न्हवं?”

तेवढ्यात पायरीवरून आवाज आला. आमची काकू रांगेतल्या बायकांकडून पाढ्यासारखं घोकून घेत होती, “उजवीकडं, वर, वर, खाली...”

“काकू, हे काय?” मी विचारलं.

“पोरगी पास व्हाया नको? घरची लेक, तिला आपुनच नापास करायचं व्हय?”

मुलीचा चेहरा उतरला. “आजी, खरं सांगितलंत तरच माझं काम होईल. दिसत नसेल तर नाही म्हणा.”

भावकीनं हेही मनावर घेतलं. नवं कार्ड काढलं तर कुणालाच काही दिसेना. माझा चुलतभाऊ तर म्हणाला, “लई अंधार हाय बाई. कारडच दिसंना.”

“बाबा, आता मॅडमना काय दाखवू?” ती कठड्यावर बसली. मी चहा सांगितला. संकटात मला तेवढंच सुचतं.

काकू रिकामी बसणारी नव्हेच. तिनं घरून सूप आणून तांदूळ निवडायला घेतले होते. तिच्या बोटांखालून खडे तसेच निसटत होते. मुलगी बघत राहिली आणि एकदम उठली. ताटल्यांत तांदूळ घेतले, प्रत्येकीत सारखेच खडे मिसळले. “एवढं निवडून द्या.”

इथं घोकंपट्टी चालेना. आणि मुद्दाम खडा ठेवेल अशी बाई आमच्या भातपट्ट्यात शोधून सापडणार नाही. काकूच्या ताटलीत राहिलेले खडे मुलीनं दाखवले तेव्हा काकूनं ते बोटांनी चाचपून पाहिले. मग हळूच म्हणाली, “ह्यांच्या दाताखाली येत असतील गं. बोलत न्हाईत.” त्यानंतर तिनं कार्ड वाचलं ते खरंखुरं, अर्ध्यावर थांबून.

संध्याकाळी फोनवर मुलीनं मॅडमना घोकंपट्टीसकट सगळं सांगितलं. त्या पलीकडून इतक्या हसल्या की मला ऐकू आलं. विषय मंजूर, कार्डाच्या जोडीला तांदूळ ठेव, फक्त एकेकाला वेगळं बसव, म्हणाल्या.

तिनं लगेच मलाच बसवलं. मी ऐटीत ताटली निवडून दिली. तिनं त्यातून एकेक खडा वेचून माझ्या तळहातावर ठेवला. बापाला दिसत नाही म्हणून इतकी आनंदलेली मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली.