पुलाखालची खुर्ची

मामा गेल्याचं सांगायला आईचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होते. आई रडत होती, आणि तिचं दुसरंच वाक्य होतं, "पूल तसाच राहिला वं दादाचा..." हृदयविकाराचं वगैरे मला नंतर कळलं.

मामा सैन्यात पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. त्यांच्या तुकडीची रीत होती : नव्या पुलावरून पहिली जड गाडी जाताना तो बांधणाऱ्यांनी खाली उभं राहायचं. निवृत्त होऊन साकोलीला परतले आणि चाळिशी उलटल्यावर इंजिनिअरिंग कॉलेजात दाखल झाले. ते वर्गात शिरले की सर आले समजून मुलं उठायची. "बसा बे, मी बी तुमच्यासारखाच नापास होनारा आहो," असं मामा म्हणायचे. पुढे त्यांनी जिल्ह्यात लहान लहान पूल बांधले, आणि रीत सोडली नाही. फक्त गुडघे दुखायला लागल्यामुळे उभं राहण्याऐवजी हिरवी, लोखंडी घडीची खुर्ची टाकून खाली बसायचे. सुट्टीत मला सोबत न्यायचे. वरून धानाच्या पोत्यांनी लादलेला ट्रॅक्टर धडधडत जायचा, मामा निवांत चहा पीत असायचे, आणि काठावर बसलेली मी डोळे मिटून घ्यायचे. "डोळे कायले मिटते? मी गणित करून बसलो आहो, नवस बोलून नाही," ते खालून ओरडायचे. माझ्या कॉन्व्हेंटी मराठीला ते हसत, पण माझं कमी बोलणं मात्र कधी त्यांनी चारचौघांत काढलं नाही.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यामुळे उठवलेलं एक गाव साकोलीच्या पलीकडे वसवलं आहे. त्या गावाला जोडणारा नाल्यावरचा पूल मामांचा नव्हता. पण पहिल्याच पुरानंतर मधल्या खांबाखालची माती वाहून गेली. मामांनी खांबाच्या पायाखाली हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. त्याच पुलावरून रोज शाळेची गाडी जाते. या लोकांचं गाव एकदा पाण्यात गेलंच आहे. आता त्यांची मुलंही पाण्याच्या भरवशावर सोडायची का, एवढाच मामांचा प्रश्न होता. त्यासाठी ते ग्रामसभेत बोलले, अर्ज दिले, लोकांना घेऊन रस्त्यावर बसले. "पूल कागदावर मजबूत आहे," हेच उत्तर मिळत गेलं. शेवटी मी सुट्टीवर आले असताना एक दिवस खुर्ची घेऊन माझ्या स्कूटीवर बसले आणि थेट पुलाचं काम पाहणाऱ्या साहेबांच्या ऑफिसात गेले. खुर्ची त्यांच्या टेबलासमोर उघडली.

"साहेब, एक दिवस चला. तुम्ही खाली बसा, मी वरून भरला ट्रॅक्टर नेतो."

साहेब हसले. मग सगळं ऑफिस हसलं. "फौजी माणूस, सवय जात नाही," कुणीतरी म्हणालं. मामांनी खुर्चीची घडी केली.

मामांची चौदावी झाल्यावर तेच साहेब हार आणि फोटोग्राफर घेऊन मामींना भेटायला आले. अंगणातली हिरवी खुर्ची कुणीतरी पुढे केली, आणि तिच्यावर बसून ते मामांच्या देशसेवेबद्दल बोलत राहिले. जिवंतपणी ज्याला हसले, तो मेल्यावर त्यांना थोर वाटायला लागला होता. मेलेला माणूस ऑफिसात येऊन खुर्ची उघडत नाही, हीच त्याची थोरवी. मग म्हणाले, "त्या पुलाला फौजीसाहेबांचंच नाव देऊ या."

मामी शांतपणे म्हणाल्या,

"नाव द्या न, पन त्यायची रीत पाळा. ज्या खुर्चीवर तुम्ही आता बसून राहिले, ते घेऊन जा. पुलाखाली मांडा. गाडीत पोरं नोका बसवू, धानाची पोती भरा. खाली तुम्ही बसा. मंग लावा पाटी."

साहेब पटकन उठले. "पाहतो," म्हणाले. फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला.

खांब अजून तसाच आहे. शाळेची गाडी रोज त्याच्यावरून जाते. पाटी लागलेली नाही, आणि पुलाची दुरुस्ती होईपर्यंत आम्ही ती लागू देणार नाही. परवा साकोलीला गेले तर खुर्ची अंगणात तशीच उघडी होती. मी घडी करायला गेले तर मामींनी हात धरला.

"राहू दे वं," त्या म्हणाल्या. "कोनी बसाले येते का, पाहून राहिली मी."