खांबांचं अजून जमलं नाही

माझी लेक जर्मनीला गेली आणि तिचा कुत्रा आमच्या गावी, मेडशीला आला. हा सौदा मला कोणी विचारून केला नव्हता. पुण्यात नोकरीला असताना तिनं रस्त्यावरचं एक पिल्लू उचललं, त्याला खाऊपिऊ घातलं आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर नेऊन कसरती शिकवल्या. उडी मार, बोगद्यातून जा, फळीवर चढ. त्यातली सगळ्यात अवघड कसरत म्हणे खांबांची. खांब एका ओळीत रोवायचे आणि कुत्र्यानं त्यांच्यामधून नागमोडी पळायचं. सुरुवातीला पहिला खांब त्याच्या डाव्या खांद्याशी आला पाहिजे आणि मधला एकही सुटायला नको. आमचा हा पाहुणा त्यात पटाईत होता. गावाला आल्यावर मात्र दिवसभर फाटकाकडे तोंड करून बसायचा. भाकर टाकली की हुंगायचा आणि माझ्याकडे असा बघायचा, की जशी काही मीच त्याच्या मालकिणीला हाकलून दिलं होतं.

मला कुत्र्यामांजरांचा लळा नाही. पण त्याला तसं बसलेलं पाहून मला रागावता येत नव्हतं, कारण मीही दिवसातून कितीदा तरी त्याच फाटकाकडे बघायचे. माझ्या हातात झाडू असायचा, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नव्हतं इतकंच.

लेकीचा फोन रविवारी यायचा. जेवली का, बीपीची गोळी घेतली का, बाबांचे गुडघे कसे आहेत. आम्ही म्हणायचो, सगळं बरं आहे. ती म्हणायची, इकडेही बरं आहे. की झाला फोन. तिच्याशी काय काय बोलायचं ते मी आठवडाभर शेत खुरपताना, भांडी घासताना मनाशी जुळवून ठेवायचे. तिचा चेहरा दिसला की त्यातलं एक अक्षर तोंडातून फुटायचं नाही.

एका रविवारी तिनं कुत्रा दाखवायला सांगितलं. त्याच्या बरगड्या पाहिल्या आणि तिचा आवाज बदलला. "बाबा, त्याच्यासाठी अंगणात खांब लावून द्या नं. पयाला की खाते तो."

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यापासून यांना कामच नव्हतं, शेताचं मीच बघते. लेकीनं काम सांगितलं आणि यांच्या अंगात आलं. त्याच दुपारी यांनी घरामागच्या ढिगातून सरळ सरळ तुराट्या निवडल्या आणि अंगणात ओळीनं खोचल्या. तुरीच्या वाळल्या काडीत जीव किती असणार? कुत्र्यानं पहिला धक्का दिला, तशी काडी मोडली आणि तिचं अणकुचीदार टोक वर राहिलं. दुसऱ्या दिवशी लेकीला ते फोनवर दाखवलं तर ती ओरडलीच, "डोयात जाईन नं त्याच्या! काढा आधी."

मग बांबू झाला. बांबू मजबूत, पण इतका की कुत्र्याच्या खांद्याला लागला आणि ते बिचारं खाली बसून चाटत राहिलं. लेक म्हणाली, खांब लवला पाहिजे, अंग लागलं की बाजूला झाला पाहिजे. आता लवचीक काय आणायचं? यांनी ओढ्याकाठची निरगुडी तोडून आणली. सरळ फोक, बोटाएवढे जाड, वाकवले तर वाकतात, सोडले तर उभे. पाऊसपाण्याचे दिवस होते, काळी जमीन लोण्यासारखी मऊ. फोक अलगद आत गेले. कुत्राही खुशीनं पळाला. यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मुलीचं लग्न उरकलं.

काही दिवसांनी त्या खांबांना पानं फुटली.

पावसाळ्यात निरगुडीचा हिरवा फोक ओल्या जमिनीत खोचला तर तो जगतोच. आमच्याकडं धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, कुंपण करतात ते असंच करतात, शेळीही त्याला तोंड लावत नाही. गावात ते कुणाला सांगायची गरज नाही, पण यांचा जन्म तिकिटं फाडण्यात गेला. मी म्हटलं, "कुत्र्याचा खेय मांडला का कुंपन लावलं?" शेजारचे काका रस्त्यानं जाताना थांबले. "काहून हो, अंगनातच धुरा पाडला? नवराबायकोची वाटनी झाली काय?" हे चिडून घरात निघून गेले.

संध्याकाळी मी फोन त्या पालवीवर धरला. लेक हसायला लागली. किती हसली! हसता हसता तिनं डोळे पुसले, मैत्रिणीला बोलावून दाखवलं, तिला काय काय सांगितलं ते तिकडच्या भाषेत. गेल्यापासून मी तिचं हसू ऐकलं नव्हतं. ते कानात साठवून घ्यावं असं वाटलं, आणि फोन बंद झाल्यावर घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटलं.

तेव्हापासून फोन रोज यायला लागला. तिची जेवणाची सुट्टी आणि आमची संध्याकाळ एकच वेळ. हे तालुक्याला, मालेगावला जाऊन लाईट फिटिंगचे पांढरे पाईप घेऊन आले. जमिनीत सळया ठोकल्या आणि पाईप वरून नुसते घातले. धक्का लागला की पाईप हलायचा, पुन्हा जागेवर यायचा. माझ्या मते काम फत्ते झालं होतं. पण यांचं समाधान होईना. आज म्हणायचे, अंतर चुकलं. उद्या म्हणायचे, पाईप फार चमकतो. लेकही तशीच. लाल पट्टी गुंडाळून पहा, ओळ सावलीत घ्या, थोडे उंच करा. बापलेक खांबांवर अर्धा अर्धा तास बोलायचे. मी मनात म्हणायचे, इतक्या वेळात लोक घर बांधतात.

एका संध्याकाळी मी कणीक मळत दारात आले. फोन यायचा होता. यांनी कुत्र्याला हळूच शीळ घातली आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सपासप गेला, एक खांब चुकला नाही. हे खाली वाकले, त्याच्या तोंडात बिस्कीट दिलं, पाठीवर थोपटलं. तेवढ्यात फोन वाजला. खुर्चीत बसून यांनी चेहरा पाडला. "नाई व माय, अजून नाई जमून राह्यलं. मधातच चुकते तो."

यांच्या पाठीमागं कुत्रा बिस्किटाच्या आशेनं पुन्हा सगळ्या खांबांतून जाऊन आला होता.

माझं डोकं फिरलं. कणकेच्या हातानंच फोन ओढून घेतला. "तुया बाप खोटं बोलून राह्यला! कवाचं जमलं त्याले. पोरीचा जेवनाचा टाईम खाऊन राह्यला रोज!"

हे मान खाली घालून चपलेनं माती उकरत बसले. लेक हळूच म्हणाली, "मले मालूम हाये, आई. बाबा नाई म्हनते अन् मांगं तो पयताना दिसते नं मले."

"मंग रोज काहून विचारत होती?"

"दुसरं काय विचारू? तुमी कसे आहा विचारलं का तुमी म्हनता बरं. मंग मले रडू येते अन् मी फोन ठेवते. पाईपाचं विचारलं का घरातलंच बोलल्यावानी वाटते."

तिच्या मागं खिडकी होती, परकी, स्वच्छ. डबा उघडा पडला होता, घास तसाच. 'घरी ये' हे दोन शब्द ती गेली त्या दिवसापासून माझ्या जिभेवर होते. त्या वेळी ते ओठापर्यंत आले. पण ती कष्टानं गेली होती, आणि मी ते म्हटलं असतं तर ती खरंच आली असती.

मी कणकेचा हात पदराला पुसला आणि यांच्या शेजारी बसले.

"बरं, मले सांग," मी म्हटलं, "तिकडे खांब कायचे असतात?"

तिनं नाक ओढलं आणि सांगायला लागली.