चार तास दहा मिनिटे

गेल्या एप्रिलमधल्या एका रविवारी, सकाळी अकरा वाजून एक्कावन्न मिनिटांनी, शेवंती नावाची पांढरी कबुतरी सांगलीतल्या आमच्या गच्चीवर माझ्या डोक्यावर उतरली. घटनास्थळी माझ्यासह पाच माणसे हजर होती. जखमी कोणी नाही. (टकलावर दोन ओरखडे आहेत. ते मी जखमेत धरत नाही.)

कबुतरांच्या या स्पर्धेत वेग मोजत नाहीत, चिकाटी मोजतात. सकाळी सहाला कबूतर आपल्या गच्चीवरून सोडायचे. ते परत तिथेच उतरले की पंच वेळ लिहून घेतो. दुसऱ्याच्या गच्चीवर उतरले तर थेट बाद. पुढच्या फेरीत जायला किमान सहा तास लागतात. शेवंतीला मी पिल्लू असल्यापासून हाताने भरवले होते. ती माझ्या डोक्यावर बसून दाणे खातच मोठी झाली. सरावात ती सलग सात वेळा उडाली आणि सातही वेळा चार तास दहा मिनिटांनी खाली आली!

मी वीस वर्षे वर्तमानपत्रासाठी कृष्णेच्या पुराची पातळी फूट-इंचांत लिहिली. नदीसुद्धा कधीतरी एखादा इंच सरकायची. शेवंती सरकत नव्हती.

मी तिला भिजवलेले बदाम दिले. चार तास दहा. बाजरीला तूप चोळून दिले. चार तास दहा. पांढरे पाहून ती खाली येत असेल म्हणून शेजारच्या दिनकरला वाळत घातलेले धोतर काढायला लावले. चार तास दहा, आणि दिनकर दोन दिवस बोलला नाही. मला जेवण जाईना.

बायकोने, म्हणजे सुनंदाने, निर्वाणीचे सांगितले.

"आवं, ह्या खेपेला सहा तास झालं न्हाईत, तर ढाबळ दिनकरभावजींच्या गच्चीवर. आन् हितं सोलर."

"ढाबळीतली कबुतरं?"

"ढाबळीसकट! तीन वर्सं बंबाच्या धुरात डोळं गेलं माझं. आंघूळ काय शेवंती तापवून देनार हाय का?"

आठव्या सरावाला सुनंदा वर कुरडया वाळत घालायला आली. कोडे तिने दहा मिनिटांत सोडवले. माझी खुर्ची दिनकरच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत असते. दहा वाजून दहाला सूर्य टाकीवर येतो आणि ऊन थेट माझ्या टकलावर पडते.

"लांबून नुसतं चकाकतंय बगा. तिला वाटत आसंल, मालकानं पाट मांडला!"

नवव्या सरावाला मी टोपी घातली. शेवंती सहा तास चाळीस मिनिटे उडाली. (बदामांचा खर्च मी सुनंदाला सांगितलेला नाही.)

स्पर्धेच्या दिवशी मी टोपी घातली, वर पंचा गुंडाळला आणि हनुवटीखाली गाठ मारली. पंच म्हणाले, "दात दुखतोय का?"

दहा वाजून दहा झाले. शेवंती वरच. अकरा झाले. वरच! माझे तळहात इतके घामेजले की घड्याळाची काच पुसावी लागली. ढगाच्या प्रत्येक ठिपक्यात मला ससाणा दिसत होता. दिनकर कठड्याला टेकून उभा होता. त्याने स्वतःच्या गच्चीवर ढाबळीसाठी आधीच विटा रचल्या होत्या.

अकरा चाळीसला माझे सासरे आबा साताऱ्याहून आले. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. हातात श्रीफळ, शाल आणि सात मीटरचा भगवा फेटा. सत्कार केल्याशिवाय आबा कुणाला जिंकू देत नाहीत.

"जावईबापू, बाराच्या ठोक्याला फोटू. फेटा आत्ताच बांदतो. टोपी उतारो!"

"आबा, बारा वाजू द्या. टोपी काढली तर..."

"फेट्याला मोकळं डोस्कं लागतंय. सावधान!"

मी सावधान झालो. पंचवीस वर्षे जवानांना दिलेला तो आवाज होता. विचार करायला वेळच नव्हता. आबांनी पंचा सोडला, टोपी काढली. सुनंदा जिन्यातून ओरडली, "आबा, टोपीऽऽ!"

फेट्याचा पहिला वेढा पडायच्या आत शेवंती डोक्यावर होती.

"पाच तास एक्कावन्न," पंच म्हणाले.

"थांबा की!" सुनंदा म्हणाली. "गच्चीवर कुटं उतरलीय? डोस्क्यावर हाय. आजून अधांतरीच की!"

"हिलना मत!" आबा गरजले.

मी हललो नाही. नऊ मिनिटे काढायची होती. घाम डोळ्यांत उतरत होता आणि शेवंती दाणे मागत चोच मारत होती. दिनकर कठड्यावरून वाकला. "असलं न्हाई चालत, गड्या. उतरली म्हंजे उतरली."

पंचांनी नियमांचा कागद उलटसुलट पाहिला. त्यात डोक्याचा उल्लेख नव्हता. मग त्यांनी निकाल दिला.

"कबूतर मानसावर हाय. मानूस गच्चीवर हाय. म्हंजे कबूतर गच्चीवर हाय. बाद."

तेव्हा अकरा चोपन्न झाले होते. नारळ आणलाच आहे म्हणून आबांनी तो पंचांना दिला.

ढाबळ त्याच आठवड्यात दिनकरच्या गच्चीवर गेली. आमच्या गच्चीवर सोलर बसला. महिनाभर दिनकरने शेवंतीला आपल्या गच्चीची सवय लावली आणि मे महिन्यातल्या स्पर्धेत आपल्या नावावर उतरवले. ती सकाळी सहाला उडाली आणि दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी खाली आली. आठ तास पाच मिनिटे. पंच तेच होते. त्यांनी वेळ लिहिली आणि पुढे 'दुसऱ्याच्या गच्चीवर, बाद' असा शेरा मारला.

त्या वेळी मी सोलरचा गळका नळ बघायला आमच्या गच्चीवर गेलो होतो. टोपी खाली, खुंटीवर होती.