पहिलं नाव रोह्याचं

माझी लेक रोह्याला रंगांच्या एका कंपनीत लॅबमध्ये आहे, राहते तिथंच जवळ, वरसे गावात. मी हमरापूरची, गणपतीचे डोळे आखणारी. उभा जन्म तेच केलं. शाळेचं तोंड पाहिलं नाय. मूर्ती गुंडाळायच्या रद्दीवर अक्षरं लावत लावत वाचायला शिकले. तेव्हा पेपरातल्या गोष्टी मला कळत नाहीत असं कुणी समजू नये, एवढं आधीच सांगते.

पावसाळ्यात शाडू आतून ओला राहतो आणि वरचा रंग पापुद्र्यानं सुटतो. हे दुखणं लेक लहानपणापासून बघत आलेली. कंपनीत लागल्यावर ती दर रविवारी आमच्याकडे यायची आणि कच्च्या मूर्तींचे मोडलेले हात, रंग लावून बघायला, डब्याच्या पिशवीत घालून न्यायची. एकदा वडखळला एसटीत कंडक्टरनं पिशवीत डोकावून विचारलं, "काय गो बाय, एवढे हात घेऊन कुठं?" तर म्हणते कशी, "ड्युटीवर."

तीन वर्षं असे हात गेले. शेवटी ओल्या मातीवरही धरून बसेल असा रंग तिनं काढला. कंपनीनं ठरवलं, ह्याचं पेटंट अमेरिकेत घ्यायचं.

पुढच्या रविवारी ती सहीचा कागद घेऊन आली, पण तोंड उतरलेलं. कागदावर पहिलं नाव साहेबाचं. हा साहेब परदेशात, हेड ऑफिसात बसतो. लेकीचं नाव त्याच्याखाली.

"काम त्यानं केलं?"

"नाय. मीटिंगला असायचा, कॉम्प्युटरवर."

"मग?"

"असंच असतं गो आये सगळीकडं. नाव हाय ना माझं, बस झालं."

मग तिनं मला समजावलं. अमेरिका बाहेरच्या माणसांनाही पेटंट देते, आणि कुठल्या देशाच्या माणसांना किती मिळाली ते मोजलं जातं. त्या आकड्यावरून म्हणे कळतं, कुठला देश किती डोकेबाज. आणि मोजताना पुष्कळदा पहिल्या नावाखालचं गाव बघतात.

माझा कुंचला तिथंच थांबला. "म्हणजे हात आमचे मोडले, आणि हुशार त्याचा देश?"

ती हसली. मला हसू येईना.

आमच्या कारखान्यात एक रीत आहे. ज्यानं एक डोळा आखला त्यानंच दुसरा आखायचा. मालक का असेना, मध्ये कुंचला घालायचा नाय, नजर तिरकी होते. आणि एकदा काय झालं, शहरातल्या प्रदर्शनात मी आखलेली मूर्ती ठेवलेली, पुढ्यात पाटी व्यापाऱ्याच्या नावाची. लोक म्हणत होते, काय डोळे काढलेत हो ह्यांनी! मी तिथंच उभी होते. हे डोळे माझे, एवढंही म्हटलं नाय. ते अजून सलतं.

"दोन्ही डोळे तू आखलेस," मी म्हटलं. "सही करू नको."

"बढती अडकवतील."

"अडकवू दे. वही हाय ना तुझी?"

वही होती. रोजची चाचणी, तारीख, खाली तिची सही. सोमवारी तिनं त्या पानांचे फोटो कंपनीला पाठवले आणि लिहिलं, नावं कामाप्रमाणे लावा, मग सही करते. आठ दिवस कंपनीत तिच्याशी कुणी धड बोललं नाय. मग साहेबाचा फोन आला. "नाव वर काय, खाली काय, काय फरक पडतो?"

लेक म्हणाली, "पडत नसेल तर माझं वर घाला."

नवा कागद आला. सही तिनं हट्टानं आमच्या कारखान्यात येऊन केली, माझ्या रंगाच्या पाटावर. मग दोनेक वर्षांनी पेटंट मिळालं. पहिलं नाव तिचं, खाली रोहा, इंडिया. भांडण झालं त्या वर्षीची बढती मात्र दुसऱ्याला मिळाली. मिळू दे.

आता पेपरात हे देशांचे आकडे आले की मी चष्मा लावून वाचते. देश पुढं गेला म्हणतात. गेला असेल, चांगलंच आहे. पण मोजणाऱ्यांनो, त्या आकड्यातला एक आपण होऊन आलेला नाय, आम्ही भांडून घातलाय. आणि हमरापुरातल्या बायकांच्या किती युक्त्या तुमच्या कुठल्याच रकान्यात नाहीत, तेही एकदा येऊन बघा.

मोडके हात मी अजून फेकत नाय. लेकीचं दुसरं काम चालू आहे. पिशवी भरून ठेवलीय.